सदतीस अंशांवरची हट्टी

मुलुंड (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय व्हायोलेट आंटी,

तुझे कान आता फोनला दाद देत नाहीत, म्हणून हे पत्र. तुझी भाची यव्होन शनिवारी इथली ड्युटी संपवून मनोरीला येतेय, तिच्या हाती देते. बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील. माझा पेपर जवळजवळ झाला!

एकतीस वर्षं तू आमच्या पार्ल्याच्या लॅबमध्ये यीस्टच्या खुराकाच्या प्लेटा ओतल्यास आणि रिटायर होताना म्हणालीस, "या काचेत तुम्ही पोरं काय शोधता ते मला कुणी धड सांगितलंच नाही." आज सांगते.

आपलं यीस्ट म्हणजे एक पेशी. तिच्या पोटात एक पोथी, कसं जगायचं ते सगळं त्यात. दुसरी पेशी करायची तर आधी त्या पोथीची अक्षरन् अक्षर नक्कल व्हायला हवी. मग अंगाला कळी फुटते, ती वाढते, एक पोथी आईकडे राहते, एक लेकीकडे जाते आणि दोघी सुटतात. नक्कल अर्धी असताना सुटल्या तर मरतात. म्हणून पेशीत पहारा असतो. माझे बाबा गिरणी बंद पडल्यावर बारा वर्षं सोसायटीच्या गेटवर बसले. वहीत सही झाल्याशिवाय चेअरमनच्या जावयालाही आत सोडत नसत. हा पहारा तसाच. नक्कल पुरी झाली नाही तर म्हणतो, थांब.

माझ्याकडच्या यीस्टच्या जातीचं नक्कल करायचं यंत्र अधू आहे. पंचवीस अंशांवर ती गुण्यागोविंदाने वाढते. सदतीसवर ठेवली की नक्कल मध्येच अडते, पहारा थांबवतो आणि सगळ्या पेशी डमरूसारख्या होऊन बसतात, आईला कळी चिकटलेली. त्या तशाच मरतात. पण तू रिटायर झालीस त्या आठवड्यात माझ्या बारा प्लेटांपैकी एकीवर सदतीस अंशांतही पेशींची एक वसाहत उगवली. पांढरी, गुबगुबीत. मी नाचत तुझ्या मीडिया रूममध्ये, खुराक शिजवायच्या खोलीत, आले होते आणि तुझ्या हातातला फ्लास्क सांडला होता, आठवतं? तीच ही. यंत्र अधू असूनही तिची नक्कल पुरी होते, पहारा तिला सोडतो, लेकी जगतात. म्हणजे नक्कल करायची कुठलीतरी दुसरी वाट तिला सापडलीय, आणि ती अजून कुणालाच माहीत नाही.

माझ्या गाईड शुभा मॅडमनी तिचं नाव हट्टी ठेवलं. सहा वर्षं मी हट्टीबरोबर काढली. लग्न लांबलं, मग मोडलं. नितेशने दोन वर्षं वाट पाहिली, त्याचं काही चुकलं नाही. हट्टी दुसऱ्या कुठल्याच जातीशी जोडी जमवत नाही, तीही माझ्यासारखीच. आणि का कोण जाणे, तिची प्लेट उघडली की मला भूक लागते.

आता जर्नलकडून पेपर तपासणाऱ्यांपैकी एकाने दोन गोष्टी मागितल्यात. हट्टीची पूर्ण पोथी वाचून दाखवा, आणि त्या दिवसाची बारीकसारीक नोंद द्या. पहिलीसाठी तिला बाहेर पाठवेन. दुसरीसाठी माझी वही आहे, पण तुझी आठवण माझ्या वहीपेक्षा पक्की. गुरुवार, २७ डिसेंबर २०१८, तुझ्या निरोपाचा दिवस. प्लेटा तूच ओतल्या होत्यास. काही वेगळं घडलं होतं का गं? वीज गेली, मशीन बिघडलं, काहीही?

माझ्या पीएचडीची मुदत ३० जूनला संपते. दोनदा वाढवून झाली, आता वाढत नाही. हट्टी नसेल तर माझ्या प्रबंधात सांगण्यासारखं काहीच नाही. म्हणून नीट आठवून लिही.

तुझी,
रेवती

ता. क. नाताळला फुगे येणार ना? ताडीवर आंबवलेल्या पिठाचे तसले तळलेले गोळे मुलुंडमध्ये कुणी करत नाही. आई आत्तापासून विचारतेय.


मनोरी
२५ नोव्हेंबर २०२४

लाडके रेवती बाय,

पत्र दोनदा वाचलं. बाबांच्या गेटची गोष्ट वाचून हसले आणि मग जरा डोळ्यांना पदर लावला. एकतीस वर्षं मी साखर नि अगार मोजत होते आणि आत एवढी गडबड चाललेली, कुणी सांगितलं असतं तर जरा हळू ओतलं असतं.

तू विचारलंस त्या दिवसाचं. बाय, मला काही आठवत नाही. म्हातारी झाले. प्लेटा नेहमीसारख्या होत्या, स्वच्छ होत्या. वीजबीज काही गेली नाही.

इकडे सगळं बदललं. आमच्या पुतण्याने, ग्लेनरॉयने, वाडी मोकळी करून सुट्टीवाल्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, त्यात माड गेले आणि ताडही गेले. शनिवार-रविवार पाहुणे येतात, गाणी लावतात. मला ऐकू येत नाही ते बरंच आहे.

एक विचारू? पेपर छापायला ती पोथी वाचायलाच हवी का? इतकी वर्षं ती वाढते आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आता खणत बसण्यात काय अर्थ? मला यातलं कळत नाही, उगाच विचारलं. आईच्या गुडघ्याला तेल पाठवलंय, गरम करून लाव.

तुझी,
व्हायोलेट आंटी


मुलुंड (पूर्व)
६ जानेवारी २०२५

प्रिय आंटी,

तुला काही आठवत नाही? एक्क्याण्णव साली कुणी कुठला ट्रे फोडला आणि कुणाच्या नावावर घातला, हे तारखेसकट सांगणारी तू! मला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, की आमची आंटी खरंच थकली. असू दे. नोंदीत मी "विशेष काही नाही" असं लिहून टाकलं.

आणि पोथी वाचायला हवीच गं. न वाचता छापलं तर उद्या कुणीही उठून विचारेल. हट्टी वीस डिसेंबरला गेलीसुद्धा. सात-आठ आठवड्यांत निकाल. मॅडम इतक्या खुशीत आहेत की परवा त्यांनी स्वतः चहा केला, अगदी पाणचट. आईने शेजारच्या शकुमावशींना सांगून टाकलंय, आमची रेवती जूनमध्ये डॉक्टर होणार. शकुमावशींनी लगेच गुडघा दाखवला.

या नाताळला फुगे आले नाहीत. तू रिटायर झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. यव्होन म्हणाली, आंटीची तब्येत ठीक आहे, पण तिने केलेच नाहीत. माझ्यावर रागावलीस का? त्या दिवसाचं विचारलं म्हणून?

रेवती


मनोरी
१९ जानेवारी २०२५

रेवती बाय,

तुझ्यावर कसली रागावू? फुगे केले नाहीत कारण खमीर मेलं.

आमच्यात दर वेळी मळलेल्या पिठातला एक गोळा मागे ठेवतात. पुढच्या खेपेला तो ताडीत कालवायचा आणि नव्या पिठात घालायचा. माझ्या आईच्या लग्नात जो गोळा होता त्याचंच लेकरू माझ्याकडे होतं. गावात बाकीच्यांनी कधीच पाकिटातलं यीस्ट धरलं. मी मात्र धरून होते, कारण नंदू भंडारी रोज ताडावर चढून मला तांब्याभर ताडी देत होता. ऑगस्टमध्ये नंदू गेला. ताड तर आधीच गेले होते, उरलेल्या दोनांवर चढायला कुणी नाही. मी साखरपाणी घातलं, नारळाचं पाणी घातलं. नोव्हेंबरात गोळा काळा पडला आणि कुजका वास यायला लागला. परसातल्या क्रुसापाशी पुरला. पाकिटातलं घालून एकदा केलं. फुगलं चांगलं, पण चव कसलीच नव्हती. तसलं तुला पाठवायचं मन होईना.

तू मला हट्टीबद्दल लिहितेस तेव्हा मला झोप लागत नाही. एक कर. निकाल आला की मॅडमच्या आधी मला कळव. काहीही असला तरी. यव्होनकडे दोन ओळी दे, मी पहिल्या बोटीने पार्ल्याला येईन.

व्हायोलेट


मुलुंड (पूर्व)
३ मार्च २०२५

आंटी,

तू सांगितलं होतंस तरी मॅडमना आधी कळलं. निकाल त्यांच्याच नावाने आला.

हट्टी माझी नाहीच. तिच्या पोथीत माझ्या जातीची एकही खूण नाही. तिचं यंत्र अधू नाही, धडधाकट आहे, म्हणून ती सदतीसवर वाढते. कुठलीही यीस्ट वाढेल. दुसरी वाट वगैरे काही नव्हतंच. ती जोडी जमवत नव्हती कारण तिच्या पोटात मुळातच दोन पोथ्या आहेत, तिला जोडीदार लागतच नाही. मी त्याला तिचा स्वभाव समजत होते. अहवालात लिहिलंय की ही रानटी जात आहे, ताडीत सापडते तसली.

ते वाचलं आणि मला डबा आठवला. तुझ्या निरोपाला तू पीठ घेऊन आली होतीस, कँटीनमध्ये फुगे तळणार होतीस. बोटीवरच्या गारठ्याने पीठ बसलं होतं. तीस अंशांच्या उबेच्या मशीनमध्ये जागा नव्हती. तू "ऱ्हावंदे गं बाय" म्हणत होतीस आणि मीच तुझ्या हातातून डबा ओढून घेतला, सदतीसमध्ये माझ्या प्लेटांच्या वरच्या फळीवर ठेवला. झाकण होतं, ओलं फडकं होतं. तरी कसं गेलं ते मला अजून कळत नाही. पण गेलं, आणि ठेवणारी मी होते.

मॅडमनी अहवाल मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "पेपर मागे घेऊ. प्रबंधाचं काय ते तू ठरव." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जूनपर्यंत चार महिने आहेत. चार महिन्यांत काय होणार?

शुक्रवारी मी हट्टीच्या सगळ्या नळ्या काढल्या. आमचा फ्रीझर, शेजारच्या लॅबमधला राखीव साठा, फ्रीजमधल्या प्लेटा, सगळं. मला इतका राग आला होता की तिचा कणही ठेवायचा नव्हता. ऑटोक्लेव्हमध्ये भरल्या. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं, तू शिकवलंस तसं. वाफ सोडली तेव्हा खोलीभर फुग्यांचा वास आला. आणि मग, आंटी, तेव्हा कुठे मला तुझं जानेवारीचं पत्र आठवलं.

तुझ्या आईचं खमीर मेलं नव्हतं. सहा वर्षं आमच्या फ्रीझरमध्ये जिवंत होतं. मनोरीतला गोळा काळा पडला तेव्हाही होतं. शुक्रवारी दुपारी साडेतीनला मी ते मारलं. सगळं मारलं, काहीही शिल्लक नाही; बाहेर पाठवली होती ती नुसती पोथी, जिवंत पेशी नव्हे. मी आज सकाळी पुन्हा सगळे फ्रीझर पाहिले.

रेवती


मनोरी
२१ मार्च २०२५

रेवती बाय,

उपासाचे दिवस चालू आहेत. आमच्यात या दिवसांत पाद्रीसमोर बसून कुमसार करतात, पोटातलं सगळं सांगतात. मी त्याला हे सहा वर्षांपूर्वीच सांगितलं. तो म्हणाला, मला सांगून काय उपयोग, त्या मुलीला सांग. मी दर नाताळला तुला डबा पाठवला आणि चिठ्ठी पाठवली नाही.

डबा तू ठेवलास, पण पीठ कसं गेलं ते मला माहीत आहे. दुपारी सगळी जेवायला गेली तेव्हा मी बघायला गेले. त्या उष्णतेत पीठ भसाभस फुगलं होतं. फडकं नि झाकण उचलून बाहेर आलं आणि फळीच्या जाळीतून खाली तुझ्या प्लेटांवर ओघळलं. तीन प्लेटांच्या कडेला लागलं होतं. मी स्पिरिटने पुसून घेतलं. झाकणं जागेवर होती. मनाला म्हटलं, आत काही गेलं नसेल.

ऑक्टोबरमध्ये सर्क्युलर निघालं होतं, लॅबमध्ये खाण्याची वस्तू दिसली तर मेमो. मला चार दिवस उरले होते. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक फुटलेली बाटली नाही, आणि जाताना मेमो घेऊन जायचं? भीती वाटली गं. त्याच वेळी तुला हाक मारून म्हणायला हवं होतं, या बारा प्लेटा फेक, परत लाव. तुझे तीन दिवस गेले असते. तीनच दिवस, बाय.

शनिवारी तू नाचत आलीस आणि प्लेट माझ्या नाकाशी धरलीस. माझ्या हातून फ्लास्क सांडला तो आनंदाने नाही. माझ्या आईच्या परातीचा वास मला ओळखू येणार नाही? मी म्हटलं, "छान आहे गं." म्हटलं उद्या सांगू. मग तुझा फोटो संस्थेच्या मासिकात आला. मग तुझं लग्न मोडलं. दर वर्षी सांगणं जड होत गेलं.

तुझ्या बाबांची वही माझ्या हातात होती आणि मी सही न बघता गेट उघडलं. माफ कर म्हणायला तोंड नाही. खमिराचं मनाला लावून घेऊ नकोस. ते माझं होतं आणि त्यानेच तुझी वाट लावली. गेलं ते बरं झालं, असं मी स्वतःला सांगते. पण मला त्याचं खूप वाईट वाटतं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू.

व्हायोलेट


मुलुंड (पूर्व)
४ जुलै २०२५

आंटी,

मुदत संपली. प्रबंध दिला नाही. एक मेपासून विक्रोळीला एका औषध कंपनीत लागलेय. सीलबंद बाटल्यांतलं पाणी प्लेटवर लावायचं, दोन आठवडे बघायचं, काहीच उगवलं नाही की सही करायची. आईने शकुमावशींना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तुझं पत्र वाचून तुझा इतका राग आला की यव्होन समोरून येताना दिसली तर मी रस्ता बदलायचे. तीन दिवस, हे शब्द डोक्यातून जात नव्हते. बसमध्ये, जेवताना, सारखे तेच. ते पत्र मी फाडणार होते. पण फाडलं असतं तर आता जे सांगायचंय ते कधीच सांगितलं नसतं.

मार्च २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या आधीच्या आठवड्यात, मी हट्टीला एका वेगळ्या प्लेटवर लावलं होतं. माझ्या जातीला लागणारी एक वस्तू त्या प्लेटमध्ये मुद्दाम घालत नाहीत. माझी जात तिथे उपाशी मरते. हट्टी तिथे झकास वाढली. याचा अर्थ एकच होतो आणि तो पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतो. मी वहीत लिहिलं, "प्लेट चुकीची ओतली असावी." तुझ्या जागी आलेल्या अक्षताला सगळ्यांसमोर बोलले. ती रडली. ती प्लेट मी पुन्हा कधीच लावली नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

आणि वास. मला भूक लागते म्हणायचे ना मी? मला तो पहिल्याच दिवशी आला होता. त्या शनिवारी प्लेट तुझ्या नाकाशी का धरली, सांगू? तू "ह्यो कसला वास गं" म्हणशील म्हणून. तू म्हणाली असतीस तर मी ती प्लेट तिथेच फेकली असती. तू छान म्हणालीस आणि मी सुटले.

तेव्हा सगळं तुझ्या माथी नाही. पण त्याने मला हलकं वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये. तुला मी माफ केलं असं लिहायला बसले होते. ते लिहिता येत नाही. स्वतःबद्दलही लिहिता येत नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. पोथी तुटली आणि दुरुस्तच होत नसली, तर पेशी थांबते, तासन् तास थांबते. मग पहारा आपोआप ढिला पडतो. काहीही सुधारलेलं नसतं, तरी ती निघते, कळी सुटते. पुढे त्यातल्या बहुतेक मरतात. मी रोज सकाळी विक्रोळीला उतरते तेव्हा मला हे आठवतं.

यव्होनबरोबर तुझा डबा पाठवतेय, निरोपाच्या दिवशीचा. तो माझ्याच टेबलावर राहिला होता, त्यात पेनं ठेवायचे. लॅब सोडताना रिकामा केला तेव्हा झाकणाच्या आतल्या कडेला वाळलेल्या पिठाची बारीक रेघ दिसली. सहा वर्षांची. ती मी खरवडून चांगल्या प्लेटवर लावली, तीस अंशांवर ठेवली. तुला काही सांगितलं नाही, उगाच आशेला लावायला नको म्हणून. मी नोकरीवर गेल्यावर अक्षताने ती रोज पाहिली. मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करायचे. एकवीस दिवस ठेवली. काही उगवलं नाही.

डबा स्वच्छ धुतलाय.

रेवती